स्क्रिप्टला पासवर्ड द्या, पण तिचा स्वतःचा

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: ‘राउटरचा पासवर्ड फाइलमध्ये लिहिणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगणं. स्क्रिप्टला लॉगिन देऊच नका. राउटरवर माणसानेच, हाताने पासवर्ड टाइप करून जावं.’ स्क्रिप्ट म्हणजे राउटरवर जाऊन ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. सल्ल्याखाली कारणं येतात. फाइल साध्या अक्षरांत असते. स्क्रिप्टला पूर्ण अधिकार द्यावे लागतात. कोणी काय केलं ते लॉगमध्ये कळत नाही. होस्ट-कीची, म्हणजे समोरचं मशीन खरंच तेच आहे ना हे ओळखायच्या खुणेची, तपासणी बंद करावी लागते. पासवर्ड एकदा स्क्रिप्टमध्ये गेला की बदलता येत नाही. आणि शेवटी, अगदीच अडलं तर फाइल एन्क्रिप्ट करा, म्हणजे प्रश्न मिटला.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि यातल्या काही गोष्टी खऱ्याही आहेत. पण हा मेसेज वाचून नव्या माणसाने राउटरच्या कॉन्फिगरेशनचा रोजचा बॅकअप घेणंच सोडून दिल्याचं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हाताने टाइप केलेला पासवर्ड जास्त सुरक्षित असतो’

हाताने टाइप करायचा पासवर्ड मुळात राहतो कुठे, ते आधी बघू. ३०० राउटरचे ३०० वेगळे, लांब पासवर्ड कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत. म्हणून सगळीकडे एकच ठेवला जातो. तो कुठल्यातरी स्प्रेडशीटमध्ये असतो, टीमच्या चॅटमध्ये कधीकाळी कोणीतरी टाकलेला असतो, चार-पाच लॅपटॉपवर टर्मिनलच्या सेव्ह केलेल्या सेशनमध्ये असतो. या प्रतींचा हिशेब कोणाकडेच नसतो. ‘फाइलमध्ये पासवर्ड नको’ म्हणणाऱ्या टीमकडेही तो पाच-सहा फाइलींत असतोच. फरक एवढाच, की त्या फाइली कोणाच्या, त्या कोणी वाचायच्या आणि जुन्या झाल्यावर पुसायच्या कोणी, हे ठरलेलं नसतं.

शिवाय हा पासवर्ड बदलला जात नाही. साधा हिशेब करा. एका राउटरवर जायचं, नवा पासवर्ड घालायचा, दुसऱ्या विंडोतून तो चालतो का ते बघायचं, मग सेव्ह करायचं. याला तीन मिनिटं धरली तरी ३०० राउटरना ९०० मिनिटं, म्हणजे १५ तास लागतात, तेही एकही चूक न होता. टीममधला माणूस सोडून गेला की पासवर्ड बदलायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण १५ तास कोणाकडे असतात?

एका ठिकाणी मी रुजू झालो तेव्हा आधी सोडून गेलेल्या तिघांना चालू पासवर्ड माहीत होता. आम्ही दोघांनी रात्री बसून सुमारे १४० उपकरणांवर तो हाताने बदलायला घेतला. मध्यरात्र उलटून गेल्यावर एका राउटरवर माझ्या हातून एक अक्षर चुकलं. तसंच सेव्ह केलं, दुसऱ्या विंडोतून तपासायचं राहिलं आणि सेशन बंद केलं. तो राउटर चालू होता, ट्रॅफिक जात होतं, पण आत शिरायला वाट उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी राउटरला थेट जोडायची कन्सोलची केबल घेऊन जावं लागलं, पासवर्ड रिकव्हरीसाठी राउटर रीस्टार्ट करावा लागला आणि तेवढा वेळ त्या ठिकाणचं नेटवर्क बंद राहिलं. स्क्रिप्टने ही चूक केली नसती, कारण दुसऱ्या विंडोतून तपासायचा तिला कंटाळा येत नाही.

२०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या ६०हून अधिक जोड्यांची यादी होती. टेलनेट या दूरवरून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीने जाऊन तो त्या आपोआप टाइप करून बघत असे. तिथे कोणाची पासवर्डची फाइल चोरीला गेली नव्हती. पासवर्ड सगळीकडे सारखे होते आणि कोणी बदलले नव्हते, एवढंच त्याला पुरलं. हाताने काम करणाऱ्या टीमचे पासवर्ड हळूहळू याच दोन खोडींकडे जातात.

‘फाइल साध्या अक्षरांत असते’

हो, असते. हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण त्या फाइलमध्ये काय असतं आणि ती कशी चालते, हे न बघता तिला भ्यायचं कारण नाही.

उदाहरण म्हणून रॅन्सिड घ्या. राउटरवर ठरावीक वेळी जाऊन कॉन्फिगरेशन आणायचं आणि कालच्यात-आजच्यात काय बदललं ते दाखवायचं, हे त्याचं काम. त्यातला लॉगिन करणारा भाग म्हणजे क्लॉगिन. तो एक्स्पेक्ट या साधनावर उभा आहे, जे डॉन लिब्स यांनी १९९०मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेत, एनआयएसटीत, काम करताना तयार केलं. पडद्यावर ‘पासवर्ड’ ही अक्षरं येईपर्यंत थांबायचं आणि मग टाइप करायचं, म्हणजे तुम्ही-आम्ही करतो तेच. टाइप काय करायचं हे होम डिरेक्टरीतल्या डॉट-क्लॉगिनआरसी या फाइलमध्ये असतं. एका ओळीत आधी राउटरच्या नावाचा पॅटर्न, मग महिरपी कंसात लॉगिनचा पासवर्ड आणि दुसऱ्या कंसात एनेबलचा, म्हणजे राउटरचे वरचे अधिकार मिळवायचा.

ही फाइल मशीनवरच्या इतर कोणालाही वाचता येत असेल, तर क्लॉगिन कामच करत नाही, एरर देऊन थांबतं. हे चांगलं आहे. पण ही तपासणी फक्त ‘इतर’ लोकांच्या परवानगीची आहे, ग्रुपच्या परवानगीकडे ते बघत नाही. म्हणून ६४० परमिशन असलेली, म्हणजे ग्रुपलाही वाचता येणारी, फाइल चालून जाते. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, हे तुम्हालाच बघावं लागतं. सरळ ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असं) ठेवा आणि मालक म्हणून असा युजर ठेवा, ज्याने दुसरं कोणी लॉगिन करत नाही.

आता खरी मेख. या फाइलमध्ये वरून खाली पाहताना जी ओळ आधी जुळते तीच घेतली जाते. पॅटर्नच्या जागी नुसता स्टार टाकलेली ओळ कोणी सर्वात वर लिहिली, तर खालच्या सगळ्या खास ओळी निकामी होतात आणि एकच पासवर्ड प्रत्येक उपकरणाकडे जातो. ज्याच्या नावात टायपिंगची चूक झाली आहे आणि जे तुमचं नाहीच, अशा मशीनकडेही. मी दुसऱ्याची व्यवस्था तपासायला बसतो तेव्हा आधी ही स्टारची ओळ शोधतो. ती नसेल तर सगळ्यात बरं. असलीच तर सर्वात खाली हवी आणि तिच्यात खरा पासवर्ड नको.

दुसरी ओळ बघायची ती जोडणीच्या पद्धतीची. एसएसएच म्हणजे सगळा मजकूर एन्क्रिप्ट करून होणारं लॉगिन. तिथे ‘एसएसएच, टेलनेट’ असं दोन्ही लिहिलेलं असतं, तेव्हा एसएसएचने जोडणी नाकारली की क्लॉगिन टेलनेटने प्रयत्न करतं. टेलनेट १९८३च्या आरएफसी ८५४ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजापासून जसं आहे तसं आजही आहे, म्हणजे पासवर्ड वाटेत उघडा. कोणी राउटरचं एसएसएच पाडलं की तुमची स्क्रिप्ट आपणहून पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवणार. तिथे फक्त एसएसएच लिहा. ज्या जुन्या उपकरणाला टेलनेटशिवाय काही येतच नाही, त्याला वेगळी ओळ आणि वेगळा पासवर्ड द्या.

फाइलची एवढी भीती असलेली माणसं कधीकधी त्याहून वाईट मार्गाला जातात, तेही सांगतो. एसएसएचला पासवर्ड आपोआप पुरवणाऱ्या एसएसएचपास या प्रोग्रामला कमांडच्या ओळीतच पासवर्ड दिला, तर तो कमांड चालू असताना मशीनच्या प्रोसेस लिस्टमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामच्या यादीत, डोकावू शकतो. हा पर्याय सर्वात कमी सुरक्षित आहे, असं त्या प्रोग्रामच्या माहितीपानावरच लिहिलेलं आहे. त्यापेक्षा ६०० परमिशनची फाइल कितीतरी बरी.

‘स्क्रिप्टला पूर्ण अधिकार द्यावेच लागतात’

माझ्या मते संपूर्ण मेसेजमधला हा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात चुकीचा मुद्दा आहे. फाइल उद्या चोरीला गेली तर काय होईल, याचं उत्तर त्या पासवर्डने काय काय करता येतं यावर ठरतं. फाइल कशी ठेवली होती हा त्यानंतरचा प्रश्न.

लोक पूर्ण अधिकार का देतात, ते मला माहीत आहे. सिस्को राउटरच्या आयओएस या प्रणालीत अधिकारांच्या ० ते १५ अशा पायऱ्या असतात. बॅकअपच्या अकाउंटला कोणी जबाबदारीने खालची पायरी देतो, चालू कॉन्फिगरेशन दाखवणारी ‘शो रनिंग-कॉन्फिग’ कमांड चालवतो आणि जवळजवळ रिकामं पान येतं. कारण त्या पायरीवरच्या माणसाला जे बदलता येतं तेवढंच त्यात दिसतं. अर्धा तास डोकं खाजवून तो १५ देऊन टाकतो आणि विषय संपतो.

इथे पायरी हे हत्यारच चुकीचं आहे. टॅकॅक्स प्लस सर्व्हर, म्हणजे राउटरवर कोणी यावं आणि काय करावं हे एका जागेवरून ठरवणारा सर्व्हर, असेल तर अकाउंटला पायरी १५ द्या, पण प्रत्येक कमांडसाठी सर्व्हरची परवानगी लागेल असं करा, आणि सर्व्हरवर या अकाउंटसाठी मोजक्याच कमांड ठेवा: शो, टर्मिनल लेंग्थ, टर्मिनल विड्थ, एक्झिट आणि साधनाला खरंच लागतात तेवढ्या. साधन काय काय चालवतं ते अंदाजाने लिहू नका. एकदा चालवा आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये काय काय नाकारलं गेलं ते बघा.

यातला एक खड्डा मी जवळून पाहिला आहे. रॅन्सिड कॉन्फिगरेशन आणताना ‘राइट टर्म’ ही जुनी कमांडही वापरतं. तिचा अर्थ फक्त पडद्यावर दाखवा असा आहे. एकाने यादीत नुसतं ‘राइट’ला परवानगी दिली होती. त्याबरोबर ‘राइट इरेज’लाही परवानगी मिळाली, जी सेव्ह केलेलं अख्खं कॉन्फिगरेशन पुसते. राउटर त्या क्षणी काहीच दाखवत नाही, नीट चालत राहतो, आणि पुढच्या रीस्टार्टला कोरा उठतो. फक्त वाचण्यासाठी म्हणून बनवलेल्या अकाउंटला राउटर मारता येत होता, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. परवानगी पूर्ण कमांडला द्या, पहिल्या शब्दाला नको.

ज्युनिपरवर हे सोपं आहे. लॉगिन क्लास बनवायचा, त्यात कॉन्फिगरेशन बघायची परवानगी द्यायची आणि ‘सीक्रेट’ ही परवानगी द्यायची नाही. मग कॉन्फिगरेशन दिसतं, पण त्यातले पासवर्ड आणि कीज दिसत नाहीत. रेडियस या लॉगिन तपासणाऱ्या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये मात्र टॅकॅक्स प्लससारखी प्रत्येक कमांडला सर्व्हरची परवानगी विचारायची सोय नाही.

‘लॉगमध्ये कळत नाही कोणी काय केलं’

सगळी माणसं ‘ॲडमिन’ या एकाच नावाने जातात, तेव्हा कळत नाही. स्क्रिप्टचं स्वतःचं अकाउंट असेल तर उलट जास्त कळतं. माणूस कधीही, कुठूनही येतो, काहीही टाइप करतो. स्क्रिप्ट एका ठरलेल्या पत्त्यावरून, ठरलेल्या वेळी येते आणि त्याच आठ-दहा कमांड चालवते. ते नाव दुसऱ्या कुठल्याही पत्त्यावरून दिसलं की काहीतरी बिघडलं आहे, त्यात विचार करायला जागाच नाही. असा अलार्म माणसाच्या अकाउंटवर लावताच येत नाही.

टॅकॅक्स प्लसबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. आरएफसी ८९०७ सप्टेंबर २०२०मध्ये आला, आणि या प्रोटोकॉलमध्ये मजकूर झाकायची जी पद्धत आहे तिला तो स्वतःच एन्क्रिप्शन म्हणत नाही. म्हणून हा ट्रॅफिक मॅनेजमेंटच्या वेगळ्या नेटवर्कवरूनच जाऊ द्या. आणि सर्व्हर बंद पडला तर आत शिरायला राउटरवर जे लोकल अकाउंट ठेवतात, ते स्क्रिप्टला कधीही देऊ नका. ते माणसांसाठी आहे. सर्व्हर बंद असताना एका रात्रीचा बॅकअप चुकला तर चुकू द्या.

‘होस्ट-कीची तपासणी बंद करावी लागते’

करावी लागत नाही, पण लोक करतात, आणि साधनंही त्यांना साथ देतात. राउटरवर लॉगिन करायचं पायथनमधलं नेटमिको मूळ सेटिंगमध्ये कुठलीही अनोळखी की मुकाट्याने स्वीकारतं. कडक तपासणी हवी असेल तर ती मुद्दाम चालू करावी लागते. क्लॉगिन पहिल्या भेटीत स्वतःच ‘येस’ टाइप करतं, पण नंतर की बदलली तर थांबतं. अनेक मशीनवर कामं आपोआप करणारं ॲन्सिबल मुळात तपासणी करतं, आणि इंटरनेटवरचे निम्मे धडे पहिल्याच पानावर ती बंद करायला सांगतात. याचा मला मनापासून राग येतो.

पासवर्डने लॉगिन करताना पासवर्ड समोरच्या मशीनला मिळतो, वाट कितीही एन्क्रिप्टेड असो. समोर राउटरऐवजी दुसरंच कोणी बसलं असेल तर त्याला तो आयता हातात पडतो. म्हणून राउटर बसवतानाच, कन्सोलवरून, त्याच्या कीचा फिंगरप्रिंट टिपून घ्या आणि ‘नोन होस्ट्स’ फाइल त्यावरून भरा. पुढे की बदलली तर स्क्रिप्ट अडू द्या. राउटर बदलल्यावर होणारा तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे. जिथे राउटरला पब्लिक की लॉगिन (पासवर्डऐवजी कीच्या जोडीने) चालतं तिथे तेच वापरा, कारण त्यात खासगी की मशीन सोडून कुठे जातच नाही.

‘फाइल एन्क्रिप्ट केली की प्रश्न मिटला’

रात्री दोन वाजता स्क्रिप्ट आपोआप चालायची असेल, तर ती फाइल उघडायची किल्लीही तिच्या हाताशी हवी. म्हणजे त्याच मशीनवर, दुसऱ्या फाइलमध्ये. ज्याला पहिली फाइल वाचता येते त्याला बहुतेक दुसरीही येते. दारालाच किल्ली टांगणं यालाच म्हणायला हवं. ॲन्सिबल व्हॉल्ट उपयोगाचं आहे, पण वेगळ्या कामासाठी: प्लेबुक, म्हणजे ॲन्सिबलच्या कामांची फाइल, गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात ठेवताना त्यातले पासवर्ड उघडे जाऊ नयेत म्हणून. गिटमध्ये एकदा उघडा गेलेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये पुसला तरी इतिहासात राहतो, तो बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक फाइल मात्र खरोखर काळजीची आहे, ती म्हणजे आणलेला बॅकअप. सिस्कोच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘७’ हा आकडा लावून येणारे पासवर्ड एन्क्रिप्टेड दिसतात, पण ते उलटवायची रीत १९९०च्या दशकापासून जगजाहीर आहे, सेकंदात मूळ पासवर्ड मिळतो. अमेरिकेच्या एनएसए या सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०२२मध्ये या प्रकारांवर मार्गदर्शन काढलं, त्यात टाइप ७ वापरू नका आणि टाइप ८ वापरा असं स्पष्ट म्हटलं आहे. लॉगिनची फाइल ६००वर आणि बॅकअपचं फोल्डर अख्ख्या ऑफिसला उघडं, अशी व्यवस्था मी पाहिली आहे. रॅन्सिडमध्ये पासवर्ड आणि एसएनएमपी कम्युनिटी (उपकरणांवर नजर ठेवायच्या प्रोटोकॉलचा पासवर्डसारखा शब्द) गाळण्याची सेटिंग आहे, त्याच कामाच्या ऑक्सिडाइज्डमध्येही गुपितं काढून टाकायचा पर्याय आहे. ते चालू करा, आणि तरीही फोल्डर बंदच ठेवा.

‘पासवर्ड स्क्रिप्टमध्ये अडकला की बदलता येत नाही’

इथे मेसेज पूर्ण उलटा आहे. पासवर्ड बदलायची सोय स्क्रिप्टमुळेच येते. एनआयएसटीने २०१७मध्ये माणसांच्या पासवर्डबद्दल सांगितलं की ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती करू नका. सक्ती झाली की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. स्क्रिप्टला ही खोड नाही. ती दर वेळी ३० अक्षरांचा कोरा, कुठलाही अर्थ नसलेला पासवर्ड घेऊ शकते, प्रत्येक राउटरला वेगळा, आणि तो कोणा माणसाने कधी बघायचीही गरज नाही.

टॅकॅक्स प्लस असेल तर पासवर्ड सर्व्हरवर एकाच जागी बदलतो. नसेल, राउटरवर लोकल अकाउंट असतील, तर बदलायचं काम बॅकअपच्या अकाउंटला देऊ नका. त्यासाठी दुसरं अकाउंट ठेवा, ते फक्त त्या वेळेपुरतं चालू करा. क्रम असा ठेवा. पहिलं सेशन उघडं ठेवायचं. सिस्कोवर ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवायचं, म्हणजे मध्येच वाट बंद झाली तर दहा मिनिटांत राउटर रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या पासवर्डवर परत येतो. ज्युनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ हेच काम रीस्टार्ट न करता करतं, आणि मुदत न सांगितल्यास तीही दहाच मिनिटं असते. मग नवा पासवर्ड घालायचा. मग दुसरं, स्वतंत्र सेशन नव्या पासवर्डने उघडून बघायचं. ते उघडलं तरच आधी ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह, मग लॉगिनच्या फाइलमधली ओळ बदलायची. नाही उघडलं तर पहिल्या सेशनमधून जुना पासवर्ड परत घालायचा, रीलोड रद्द करायचं, त्या राउटरचं नाव यादीत टाकायचं आणि पुढे जायचं.

पहिल्या रात्री पाचच राउटर घ्या, तेही ज्यांच्या कन्सोलपर्यंत तुम्ही चालत पोहोचू शकता असे. सकाळी त्या पाचही राउटरचा बॅकअप नव्या पासवर्डने आलेला दिसला की दुसऱ्या रात्री पन्नास घ्या.